धान्यातली गोळी बंद करा



तूर घरात आली, शाळू-गहू येतोय. आता कुणीतरी गोळ्या आणणार, फडक्यात बांधून कोठीत टाकणार, आणि रात्री त्याच खोलीत लेकरं झोपणार. स्पष्टच सांगतो, हे बंद करा.

ती गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. या विषावर उतारा नाही. घरगुती वापराला परवानगीच नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीत सरकारी यंत्रणा किंवा कीडनियंत्रणवाल्यांनीच ती वापरायची. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर २००१ पासून बंदी आहे.

"इतकी वर्षं टाकतो, काही झालं नाही." बरं, पण सोंड्यांना तरी काय झालं? कीड मरायला वायू कित्येक दिवस कोंडून राहावा लागतो. सुतळी पोत्यातून तो घरात पसरतो. कीड वाचते, श्वास आपण घेतो. आणि हवा कोंडेल अशी सोय असेल, तर गोळी हवीच कशाला?

जुनं पेव आठवा. तोंड लिंपलं की दाणा आणि कीड मिळून आतला प्राणवायू संपवतात, कीड गुदमरून मरते. म्हणूनच उघडल्या उघडल्या पेवात कुणी उतरत नसे. हवाबंद पिशवी म्हणजे तेच पेव, जमिनीवरचं. नेहमीच्या पोत्यात ती बसवा, धान्य भरा, हवा दाबून काढा, तोंड पिळून-दुमडून घट्ट बांधा. महिनाभर सोडू नका. रोजचं धान्य वेगळं ठेवा. पैसे लागतात हे खरं, पण नीट वापरली तर दोन-तीन हंगाम चालते. उंदराने भोक पाडलं तर मात्र सगळं वाया.

तूर आधी भरा. तिचा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, घरात येतो तो दाण्यासोबतच.

ओला दाणा कोंडला तर बुरशी धरेल. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ हलवून बघा. मीठ काचेला चिकटलं तर अजून कडक ऊन द्या. नाही चिकटलं तरी दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. लिंबाचा पाला घालायचा तर सावलीत वाळवून घाला, पण एकट्या पाल्यावर वर्ष निघत नाही.

पिशव्या एकत्र मागवायच्या आहेत, किती हव्यात ते ग्रुपवर टाका.

ज्यांनी गोळ्या आधीच टाकल्यात, त्यांनी आज रात्रीपासून त्या खोलीत झोपू नका. दारं-खिडक्या उघडी ठेवा, गोळ्यांवर पाणी पडू देऊ नका. मळमळलं, छाती भरली तर लगेच बाहेर या, डबीचा फोटो घेऊन थेट दवाखाना गाठा.