कवीचे मित्र, कवीची पत्रे आणि आपले वाचन

कवी हा एकाकी असतो, समाजाने उपेक्षिलेला असतो आणि मृत्यूनंतरच त्याला न्याय मिळतो, ही कल्पना आपल्या उत्तरपत्रिकांमधून वारंवार भेटते. ती हृद्य आहे, आणि काही अंशी खरीही आहे. पण अभ्यासकाच्या दृष्टीने ती अपुरी आहे. एकाकी म्हटल्या जाणाऱ्या कवीभोवतीही माणसे असतात. कोणी त्याची पत्रे जपून ठेवतो, कोणी त्याचे हस्तलिखित संपादकाकडे पोहोचवतो, तर कोणी त्याच्या कवितेशी भांडतो. ही माणसे वगळून कवीचे चरित्र लिहिता येत नाही. त्याच्या कवितेला मिळालेल्या प्रतिसादाचा इतिहास तर मुळीच लिहिता येत नाही. या लेखातील प्रतिपादन असे, की कवीची मैत्री आणि पत्रव्यवहार हा साहित्याभ्यासाचा कायदेशीर विषय आहे; मात्र त्याचा उपयोग कविता उघडण्यासाठी व्हावा, ती बंद करण्यासाठी नव्हे.

यासाठी जवळचेच उदाहरण घेऊ. गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा, दरेकसा ही स्थानके मागे टाकून डोंगरगडमार्गे राजनांदगावला पोहोचते. या गावी १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घरची भाषा मराठी. लेखनाची भाषा मात्र त्यांनी हिंदी निवडली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) मराठीत लिहू लागले. ‘नवी मळवाट’ आणि ‘यात्रिक’ हे शरच्चंद्रांचे काव्यसंग्रह, ‘क्षिप्रा’पासून सुरू होणारी त्यांची कादंबरीमाला आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ हा समीक्षाग्रंथ मराठीच्या अभ्यासकाला परिचित असतो. एकाच घरातील दोन भाऊ दोन भाषांच्या नवकवितेत महत्त्वाचे ठरले. तरीही मराठीच्या अभ्यासक्रमात धाकटा भाऊ भेटतो आणि थोरला केवळ नामोल्लेखापुरता राहतो, ही वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे.

भाषांमधील ही भिंत वाटते तितकी जुनी नाही. १९५० ते १९५६ या काळात गोंदिया आणि राजनांदगाव ही दोन्ही गावे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातच होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ तत्कालीन मुंबई राज्यात गेला आणि राजनांदगाव मध्य प्रदेशात राहिले. मुक्तिबोधांचे नागपुरातील वास्तव्य सुमारे दहा वर्षांचे. माहिती खाते, आकाशवाणी आणि ‘नया खून’ हे साप्ताहिक अशा नोकऱ्या त्यांनी तेथे केल्या. संसार आणि नोकरी सांभाळत, वयाच्या पस्तिशीत त्यांनी नागपूर विद्यापीठातून एम. ए. पूर्ण केले. प्रौढ वयात अभ्यासाला बसलेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना हा तपशील केवळ चरित्रात्मक वाटणार नाही.

आता त्यांच्या मैत्रीकडे वळू. शुजालपूरच्या शाळेत शिक्षक असताना मुक्तिबोधांचा नेमिचंद्र जैन यांच्याशी स्नेह जडला. दुसरे महायुद्ध चालू होते आणि देशात ‘चले जाव’ आंदोलनाचा काळ होता. त्या अस्वस्थतेत मार्क्सवादाचा अभ्यास आणि नव्या कवितेचा शोध या मित्रांनी एकत्र केला. १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या संकलनात सात कवी होते: मुक्तिबोध, नेमिचंद्र जैन, भारतभूषण अग्रवाल, प्रभाकर माचवे, गिरिजाकुमार माथुर, रामविलास शर्मा आणि स्वतः अज्ञेय. यांपैकी मुक्तिबोध आणि माचवे हे दोघे मराठी घरांतले. म्हणजे हिंदी नवकवितेच्या या आरंभबिंदूवर मराठीची सावली प्रथमपासूनच आहे.

मित्र पुढे निरनिराळ्या गावी गेले आणि मैत्री पत्रांतून चालू राहिली. मुक्तिबोध आणि नेमिचंद्र यांचा पत्रव्यवहार ‘पाया पत्र तुम्हारा’ या नावाने ग्रंथरूपात उपलब्ध आहे. या पत्रांत नोकरीची विवंचना आहे, पैशांची ओढाताण आहे, आणि त्याच श्वासात कवितेच्या रूपाविषयीची चर्चा आहे. एखाद्या कवीच्या ‘वैचारिक जडणघडणी’विषयी आपण लिहितो, तेव्हा ती जडणघडण अशाच गोष्टींतून होत असते. मोठ्या शहराच्या साहित्यवर्तुळापासून दूर असलेल्या मुक्तिबोधांसाठी पत्र हीच चर्चासभा होती. जबलपूरचे हरिशंकर परसाई हे असेच दुसरे मित्र. त्यांच्या ‘वसुधा’ मासिकातून मुक्तिबोधांचे डायरीवजा समीक्षालेखन प्रसिद्ध झाले.

१९६२ मध्ये मुक्तिबोधांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. आधी भोपाळ आणि नंतर दिल्ली येथे उपचार झाले. त्यासाठी लेखकमित्रांनी थेट पंतप्रधानांपर्यंत धाव घेतली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नव्हता. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला संग्रह त्याच वर्षी आला. श्रीकांत वर्मा यांनी त्यासाठी परिश्रम घेतले आणि शमशेर बहादुर सिंह यांनी प्रस्तावना लिहिली. ‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता नोव्हेंबर १९६४ च्या ‘कल्पना’ मासिकात छापून आली. पुढे १९८० मध्ये सहा खंडांची ‘मुक्तिबोध रचनावली’ संपादित केली ती नेमिचंद्र जैन यांनीच. विखुरलेल्या हस्तलिखितांचा काळ ठरवण्याचे काम मित्राच्या हातून झाले.

येथे दोन गोष्टी एकाच वेळी लक्षात घ्यायला हव्यात. मित्र नसते तर ही कविता आपल्यापर्यंत पोहोचली नसती. आणि मित्रांनी पोहोचवली म्हणूनच ती एका विशिष्ट प्रतिमेसह पोहोचली. रुग्णशय्येवरचा, व्यवस्थेने छळलेला, हुतात्मा कवी ही ती प्रतिमा. तिच्यात खोटे काही नाही. पण वाचक आधी प्रतिमेपुढे नतमस्तक झाला, तर कवितेला प्रश्न विचारण्याचे त्याला सुचत नाही.

समीक्षेत मात्र प्रश्न विचारले गेले. १९६८ च्या ‘कविता के नये प्रतिमान’ या ग्रंथात नामवर सिंह यांनी ‘अँधेरे में’ या कवितेला मध्यवर्ती स्थान दिले आणि तिच्यात अस्मितेचा शोध पाहिला. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, ‘नयी कविता और अस्तित्ववाद’ या ग्रंथात रामविलास शर्मा यांनी याच कवितेकडे कठोरपणे पाहिले. मार्क्सवाद, अस्तित्ववाद आणि रहस्यवाद यांच्यातील ओढाताण आणि कवीचे दुभंगलेले मन त्यांना तेथे दिसले. शर्मा हे ‘तार सप्तक’मधील सहप्रवासी होते, हे विसरता येत नाही. एकच कविता एका समीक्षकाला समाजातील व्यक्तीच्या शोधाची कथा वाटते आणि दुसऱ्याला कवीच्या मनोवस्थेचा दस्तऐवज. या दोन वाचनांतील अंतर हे चरित्राचा वापर किती आणि कसा करायचा, या प्रश्नाचेच अंतर आहे. या कवितेतील लष्करी अंमलाखालच्या शहराचा संबंध नागपुरातील गिरणी कामगारांवरील गोळीबाराशीही जोडला जातो. तो जोडावा; पण कवितेतील शहर नागपुरापुरते उरत नाही, हेही त्याचबरोबर सांगावे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) हिचे उदाहरण तुलनेसाठी उद्बोधक ठरते. पांढरा पोशाख करून घरात बसलेली, जगाशी संबंध नसलेली एकांतवासिनी ही तिची रूढ प्रतिमा. प्रत्यक्षात, अमेरिकेतील यादवी युद्धाची वर्षे (१८६१–१८६५) हीच तिच्या लेखनाची सर्वांत समृद्ध वर्षे होती. १८६२ च्या मार्चमध्ये तिच्या ॲम्हर्स्ट गावातला, महाविद्यालयाच्या अध्यक्षांचा तरुण मुलगा रणांगणावर पडला. त्या दुःखाचे पडसाद तिच्या पत्रांत आहेत. त्याच वर्षी १५ एप्रिलला तिने टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या अनोळखी लेखकाला पत्र लिहून, आपली कविता जिवंत आहे का, असे विचारले. हिगिन्सन पुढे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे नेतृत्व करण्यास गेले आणि तिचे पत्र छावणीतही पोहोचले. शेजारच्या घरात राहणारी मैत्रीण आणि भावजय सूझन हिला तर तिने अडीचशेहून अधिक कविता पाठवल्या.

तिच्या सुमारे अठराशे कवितांपैकी जेमतेम दहाएक तिच्या हयातीत छापल्या गेल्या. १८९० मध्ये हिगिन्सन आणि मेबल लूमिस टॉड यांनी पहिला संग्रह काढला, तो शीर्षके जोडून, विरामचिन्हे आणि काही शब्द बदलून. मूळ रूपाच्या जवळ जाणारी संपूर्ण आवृत्ती येण्यास १९५५ साल उजाडले. काही पत्रांतून सूझनविषयीचा मजकूर खोडलेलाही आढळला. आणि तिच्या कवितेकडे युद्धकाळातील कविता म्हणून गांभीर्याने पाहणारा शिरा वोलोस्की यांचा ग्रंथ आला १९८४ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर सव्वाशे वर्षे होत आली तेव्हा. एकांताची प्रतिमा इतकी प्रबळ होती की तिच्या खिडकीबाहेरचे युद्ध समीक्षेला दिसले नाही.

मराठीतही असे दाखले आहेत. केशवसुतांच्या कवितांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर हरी नारायण आपटे यांच्या पुढाकाराने निघाला. लोकांपासून दूर राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांचा पत्रव्यवहार इतका विपुल निघाला की त्याचे खंड झाले. एकांत आणि संवाद या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, एवढे तरी यातून दिसते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. कलाकृती स्वायत्त असते. तिच्या सौंदर्याचे नियम तिच्या रूपातच शोधावेत. खासगी पत्रे उकरून काढणे ही जिज्ञासा नसून कुतूहल आहे, असे रूपवादी भूमिका सांगते. या भूमिकेतील इशारा स्वीकारायला हवा. पत्रात अमुक दुःख आहे म्हणून कवितेतील दुःख तेच, असे समीकरण मांडणे ही खरोखरच आळशी समीक्षा होय. पण कवितेचा पाठ कोणी ठरवला, तिचा क्रम कोणी लावला आणि तिची कीर्ती कोणत्या वादातून घडली, हे प्रश्न रूपाइतकेच मूलभूत आहेत. डिकिन्सनची बदललेली विरामचिन्हे हा रूपाचाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर हस्तलिखितांच्या व पत्रांच्या अभ्यासातूनच मिळाले.

म्हणून वाचनाचा क्रम असा असावा. प्रथम कविता, तीही पूर्ण. मग तिच्या प्रकाशनाचा इतिहास: ती केव्हा लिहिली, केव्हा छापली, कोणी संपादित केली. त्यानंतर पत्रे आणि आठवणी. त्याही कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी लिहिल्या याचे भान ठेवून. शेवटी समीक्षा, आणि तीत किमान दोन विरोधी मते. हा क्रम उलटला की आपण कविता वाचत नाही, तिच्याविषयीची ऐकीव मते वाचतो.

गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थ्याजवळ यासाठी एक भांडवल आहे, जे पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याजवळ असेलच असे नाही. त्याच्या कानावर मराठीबरोबर हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी सहज पडत असतात. आपल्या मराठीत हिंदी मिसळते म्हणून तो अनेकदा संकोचतो. त्या संकोचाचे कारण नाही. शरच्चंद्रांची मराठी कविता आणि गजाननरावांची हिंदी कविता अनुवादावाचून शेजारी ठेवून वाचण्याची क्षमता ही तौलनिक साहित्याभ्यासाची पहिली अट आहे, आणि ती त्याने परीक्षेआधीच पूर्ण केलेली आहे.

दूरशिक्षणातील विद्यार्थ्याला वर्ग नसतो. शेतीची, दुकानाची, घराची कामे आटोपल्यावर तो पुस्तिकेसमोर बसतो. पत्रांतून विचार घडवणाऱ्या कवींचा इतिहास त्याला एवढे निश्चित सांगतो, की एकट्याने वाचलेले कोणाला तरी लिहून कळवावे. अभ्यासकेंद्रावर महिन्यातून एकदा भेटणाऱ्या सहाध्यायाला एका कवितेविषयी लिहिलेली दोन पानेही पुरेशी आहेत. त्याचे उत्तर आले, आणि त्यात मतभेद असला, तर समीक्षेला सुरुवात झाली असे समजावे.

विचारार्थ प्रश्न

१. कवीच्या निधनानंतर मित्रांनी केलेल्या संपादनाचे लाभ आणि मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘अँधेरे में’ या कवितेविषयीच्या नामवर सिंह आणि रामविलास शर्मा यांच्या मतांतील मूलभूत फरक आपल्या शब्दांत मांडा.
३. ‘पत्रे कविता समजण्यास साहाय्य करतात, कवितेची जागा घेत नाहीत.’ या विधानाशी आपण सहमत आहात का? सकारण लिहा.