सर्व्हर ठेवण्याआधी सातपूरला जाऊन या

डेडिकेटेड सर्व्हर कुठे ठेवायचा, हा प्रश्न अंबडचे कारखानदार, पतसंस्थांचे व्यवस्थापक आणि पिंपळगावकडचे द्राक्ष निर्यातदार हल्ली मला वारंवार विचारतात. तेव्हा त्यांच्या हातात बहुधा दोन-तीन कोटेशन्स असतात आणि बोलणं महिन्याच्या भाड्यावर येऊन थांबतं. माझं सांगणं एकच असतं: भाडं शेवटी बघा. आधी ती इमारत आणि तिथली माणसं बघा.

नाशिककरांना हे सहज जमण्यासारखं आहे. पीयूष सोमाणी यांनी 2005 साली सुरू केलेल्या ईएसडीएस कंपनीचं मुख्यालय आणि डेटा सेंटर सातपूर औद्योगिक वसाहतीतच आहे. नवी मुंबई आणि बेंगळुरूलाही तिची केंद्रं आहेत. नाशिकला ठेवलेला सर्व्हर मुंबईच्या मानाने मंद चालेल, ही भीती अनाठायी आहे. मुंबई रस्त्याने सुमारे 170 किलोमीटर. तेवढं अंतर फायबरमधून कापायला प्रकाशाला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. फायबरची वळणं आणि मधली यंत्रं धरली, तरी फरक काही सहस्रांश सेकंदांचाच पडतो. हिशेबाच्या किंवा निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात तो कुणाला जाणवणारही नाही.

डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे एक अख्खं यंत्र तुमच्या एकट्याच्या कामासाठी. त्यातली डिस्क गेली, तर ती कुणीतरी हाताने बदलावी लागते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: रात्री दोन वाजता आवारात कोण असतं? सुटी डिस्क आणि पॉवर सप्लाय तिथेच कपाटात असतो की मुंबईहून मागवावा लागतो? किती तासांत बदलून मिळेल, ते करारात लिहिलंय का? फेब्रुवारीत द्राक्षांचे कंटेनर बंदराकडे निघालेले असताना ‘उद्या बघतो’ हे उत्तर परवडत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी यूपीएसच्या बॅटऱ्या जनरेटर सुरू होईपर्यंत भार उचलतात, पुढचं सगळं डिझेलवर. टाकीत पूर्ण भाराला किती तासांचं डिझेल आहे आणि जनरेटर पूर्ण भारावर शेवटचा कधी चालवून पाहिला, हे नोंदवहीत बघा. इंटरनेटचंही तसंच. दोन कंपन्यांच्या लाइन आहेत, एवढ्याने भागत नाही. दोन्ही एकाच चरातून येत असतील, तर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात खोदकाम चालू असताना हे विचारायलाच हवं. इमारत पूररेषेत नको, हे 2008 आणि 2016 चा गोदावरीचा पूर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

माहितीपत्रकावरच्या ‘टिअर 3’ या दर्जालाही भुलू नका. हा दर्जा ठरवणारी अपटाइम इन्स्टिट्यूट आराखड्याला एक आणि बांधून झालेल्या इमारतीला वेगळं प्रमाणपत्र देते. त्यातलं कोणतं मिळालंय, ते मागून घ्या. 99.9 टक्के उपलब्धतेची हमी म्हणजे वर्षाला जवळजवळ पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. हमी मोडली तर भरपाई बहुधा भाड्यातल्या सवलतीपुरतीच असते. तुमचं थांबलेलं काम त्यात मोजलं जात नाही.

आणि केंद्र कितीही चांगलं असलं, तरी डेटाची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात हवीच. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमधल्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा सुमारे 858 टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची प्रत बाहेर कुठेच नव्हती. एवढ्या प्रगत देशाच्या सरकारवर ही वेळ आली, तर चाळीस कामगारांच्या कारखान्याने किती सावध राहायला हवं! सर्व्हर सातपूरला ठेवलात, तर प्रत बेंगळुरूला किंवा हैदराबादला ठेवा आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून काम उभं करून बघा. उभं राहत नसेल, तर बॅकअप आहे असं समजू नका.

ही सगळी विचारपूस करायला अर्धा दिवस पुरतो. कंपनीची वर्षानुवर्षांची कागदपत्रं ज्याच्या स्वाधीन करायची, त्याने आपल्याला आत नेऊन जनरेटर आणि त्याची नोंदवही दाखवावी, ही मागणी मुळीच जास्तीची नाही. ती जो टाळेल, त्याचं भाडं कितीही कमी असो, त्याला नकार द्या.