मिक्सर घेताना

मुलांनो, मिक्सर घ्यावा की फूड प्रोसेसर, असा प्रश्न घरात निघाला तर तुम्ही काय सांगाल? माझे मत असे, की भांडी किती मिळतात ते पाहू नका, मोटार पाहा. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियात सुके खोबरे, खसखस, धणे वाटून घालतात. कमजोर मोटार तेथे जळते. 1960च्या दशकात अभियंता सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी परदेशी मिक्सर असाच बंद पडला. त्यातूनच ‘सुमीत’ मिक्सर तयार झाला. सुक्या मसाल्याला 750 वॅटची मोटार बरी. फूड प्रोसेसर कणीकही मळतो. पण चार माणसांची कणीक हाताने लवकर होते, आणि ते भांडे धुणार कोण? दुकानात अम्मीला सोबत न्या. भांडे उचलून, झाकण लावून तिलाच पाहू द्या.