दुकान देखणं आहे हो, पण पुस्तक कुठलं?

परवा नातीच्या वाढदिवसासाठी 'श्यामची आई' मागवलं. घरबसल्या, संगणकावरून. चिरंजीवांनी मोठ्या कौतुकाने दुकानाचं पान उघडून दिलं. वर सरकती चित्रं, कोपऱ्यात सवलतीचा लाल बिल्ला. पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं, ही संक्षिप्त आवृत्ती! ४२ रात्रींपैकी निवडक दहा. नात म्हणाली, "आबा, एवढंच होय?"

चिरंजीव म्हणतात, "बाबा, नीट बघून घ्यायचं होतं." अहो, पण बघायचं काय? मुखपृष्ठ, किंमत आणि पाच चांदण्या. प्रकाशक कोण, पृष्ठं किती, संपूर्ण की संक्षिप्त, काही नाही. साने गुरुजी १९५० साली गेले. कायद्याने सांगितलेली पुढची ६० वर्षं २०१० अखेर संपली. तेव्हापासून हे पुस्तक कोणीही छापू शकतो आणि पुष्कळांनी छापलंय. त्याचं नुसतं नाव सांगणं म्हणजे 'तांदूळ आहे' म्हणून पोतं गळ्यात मारणं. अप्पा बळवंत चौकात मी अनुक्रमणिका चाळल्याशिवाय पैसे काढत नसे. तीच अनुक्रमणिका आणि आतली चार पानं इथे दाखवा की! सरकती चित्रं काढलीत तरी चालेल.

शोधाची तर वेगळीच तऱ्हा. पु.लं.चं 'वाऱ्यावरची वरात' टंकलं, तर सापडेना. भाच्याने उलगडा केला. 'ऱ्या' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला मात्र वेगळे. दुकानदाराने एका प्रकारे नोंदवलं, मी दुसऱ्या. इंग्रजी लिपीत टंकलं, लगेच हजर! म्हणजे मराठी पुस्तक मराठीत मागायचं नाही की काय? दोन्ही रूपं एकच, हे यंत्राला शिकवणं मुळीच अवघड नाही, असं भाचा सांगतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी जन्मभर लाल शाईने खोडल्या, पण दुकानाच्या शोधखिडकीत त्या चालवून घ्याव्यात, हे आता माझंच मत आहे. गिऱ्हाईक काही परीक्षेला बसलेलं नसतं.

"तरुणांना असंच रंगीत, हलतं लागतं," हे चिरंजीवांचं पालुपद. मला साफ अमान्य. नात अकरा वर्षांची आहे, तिला सगळी गोष्ट हवी होती. रंगांबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

पुस्तक परत करायचं बटण तीन दिवस शोधतोय. तोवर कपाटातली माझी जुनी प्रत तिला दिली आहे. सहा रात्री वाचून झाल्या.