बांध सरकविण्यापूर्वीं

जागा पुरत नाहीं, ही तक्रार मनुष्याइतकीच जुनी आहे. धान्याची कणगी भरली म्हणजे दुसरी आणावी, कपाट भरलें म्हणजे उरलेलें सामान माळ्यावर टाकावें, ही घरोघरची रीत. आज शाळा, दवाखाना, पतपेढी, वाचनालय अशा संस्थांतून एखादा लहानसा सर्व्हर कोपऱ्यांत अहोरात्र चालत असतो. त्याच्याही बाबतींत हीच तक्रार एके दिवशीं कानीं येते. डिस्क भरल्याची सूचना पडद्यावर झळकते आणि लागलीच कोणी तरी म्हणतो, "पार्टिशन वाढवून टाका." हें वाक्य उच्चारावयास फार सोपें; परंतु पुष्कळदां तें अविचाराचें असतें, असें आमचें मत आहे. तें मत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम पार्टिशन म्हणजे काय तें पाहूं. एका डिस्कचे व्यवहाराच्या सोयीसाठीं जे भाग पाडतात, त्यांस पार्टिशन म्हणतात. येथें शेताची उपमा चांगली लागू पडते. जमीन एकच, पण बांध घालून तिचे तुकडे केलेले असतात. आणि कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत, याची नोंद मोजणीच्या नकाशावर असते. डिस्कच्या आरंभींही असाच एक नकाशा लिहिलेला असतो. आयबीएम कंपनीच्या संगणकांवर १९८३ सालीं आलेल्या जुन्या पद्धतींत त्यावर मुख्य असे चारच तुकडे मांडतां येतात. आणि ५१२ बाइटांचा एक खण धरला, तर सुमारें दोन टेराबाइटांपलीकडची जमीन त्यास मोजतांच येत नाहीं. जीपीटी नांवाच्या नव्या पद्धतींत साधारणतः १२८ तुकड्यांची सोय असून, नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदीं शेवटीं ठेवलेली असते. ज्यांनीं ही पद्धति रचली त्यांनीं एक नक्कल राखून ठेवण्याची दूरदृष्टि दाखविली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तिच्याविषयीं पुढें बोलावयाचेंच आहे.

ज्या तुकड्यांत यंत्राची कार्यप्रणाली राहते, तें सिस्टिमचें पार्टिशन. लहान सर्व्हरवर बहुधा संस्थेचें दप्तरही त्याच तुकड्यांत असतें. तो भरला म्हणजे सर्वच व्यवहार अडतात. डेटाबेसांत नवी नोंद होत नाहीं, आलेलें पत्र ठेवावयास जागा उरत नाहीं, सुरक्षिततेची नवी दुरुस्ती बसत नाहीं. शाळेपुरतें बोलावयाचें तर त्या तुकड्यांत मुलांचे गुण असतात, हजेरी असते, ग्रंथालयाची नोंदवही असते, आणि पुन्हां कधीं न काढतां येणारीं अशीं स्नेहसंमेलनांचीं छायाचित्रें असतात. सारांश, बांध ज्या शेतांतून सरकवावयाचा, त्यांत दुसऱ्याचें पीक उभें आहे.

आतां वाढविण्याची क्रिया पाहूं. बांध सरकविला म्हणून पीक आपोआप पसरत नाहीं. डिस्क, तिच्यावरील पार्टिशन, आणि पार्टिशनाच्या आंत फायलींचा हिशेब ठेवणारी फाइल सिस्टिम, अशीं हीं तीन आवरणें आहेत. वाढवितांना बाहेरून आंत यावें: आधीं डिस्क, मग पार्टिशन, शेवटीं फाइल सिस्टिम. आखडतांना नेमकें उलट, म्हणजे आधीं फाइल सिस्टिम आखडावी आणि मगच पार्टिशन. हा क्रम चुकून पार्टिशन आधीं कापलें, तर फाइल सिस्टिमचें शेपूट बांधाबाहेर पडतें आणि त्यांतील फायली गमावण्याची पाळी येते. 'आधीं कळस मग पाया' ही म्हण आपल्याकडे थट्टेनें वापरतात. येथें तिची थट्टा राहत नाहीं.

शिवाय, वाढावयाचें तें शेजारच्या मोकळ्या जमिनींतच. मध्यें दुसऱ्याचा तुकडा असेल, तर त्यापलीकडे कितीही पड जमीन असो, तिचा उपयोग होत नाहीं. लिनक्समध्यें जुन्या रीतीनें हें काम करतांना नकाशावरील नोंद पुसून ती नव्यानें लिहितात. त्या वेळीं आरंभाचा आंकडा पूर्वीचाच राहिला पाहिजे. त्यांत एका अंकाची चूक झाली, तर सारें शेत असून नसल्यासारखें होतें. एक्स्ट-फोर ही फाइल सिस्टिम चालू यंत्रावर वाढवितां येते. पण आखडावयाची तर तिचें काम थांबवावें लागतें, आणि सिस्टिमच्याच तुकड्याचें काम थांबवावयाचें म्हणजे यंत्र दुसऱ्या एखाद्या साधनावरून सुरू करावें लागतें. एक्सएफएस वाढते, पण व्यवहारतः आखडत नाहीं. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: पुढें जाणें सोपें, मागें येणें कठीण. म्हणूनच पुढें पाऊल टाकण्यापूर्वीं थांबावें, असें आम्ही म्हणतों.

थांबून काय करावें? प्रथम, जागा कशानें भरली तें पाहावें. लिनक्सवर डीएफ ही आज्ञा किती जागा भरली तें सांगते आणि डीयू ही आज्ञा कोणत्या कप्प्यानें ती खाल्ली तें दाखविते. बहुधा असें आढळतें कीं, कोणी न वाचलेल्या नोंदींचे ढीग साचले आहेत, कार्यप्रणालीच्या जुन्या कर्नलांचे संच तसेच पडले आहेत, किंवा बॅकअपच्या जुन्या प्रती त्याच तुकड्यांत रचल्या आहेत. कधीं फाइल पुसलेली असते, पण एखाद्या चालू प्रोग्रामनें ती उघडी धरल्यामुळें तिची जागा सुटत नाहीं; तेथें तो प्रोग्राम पुन्हां सुरू केला कीं काम होतें. कधीं जागा भरपूर असते, पण लहान लहान फायलींच्या गर्दीनें फायलींच्या नोंदींचे खणच संपलेले असतात. एक्स्ट-फोर तर नेहमींच्या मांडणींत शेंकडा पांच जागा प्रशासकासाठीं राखून ठेवते. आणखी एक चमत्कारिक प्रकार आहे. उबुंटू सर्व्हर बसवितांना एलव्हीएम ही लवचिक मांडणी घेतली, तर मोठ्या डिस्कवरील बराच भाग मुद्दाम मोकळा राखला जातो. मालकास त्याचा पत्ता नसतो आणि तो बाजारांत नवी डिस्क शोधीत फिरतो. घरांत धान्य असतां उसनवारीस जावें, तसाच हा प्रकार!

कोणी म्हणतील, "आजकाल डिस्का स्वस्त आहेत, एवढा खल कशाला? मोठी घ्यावी आणि मोकळें व्हावें." यांत तथ्य नाहीं असें नाहीं. जेथें काम खरोखरच वाढलें आहे तेथें जागा वाढवावीच. मुलगा वाढला म्हणजे सदरा नवा शिवावाच लागतो. परंतु ज्या घरांत केर काढण्याची संवय नाहीं, तें घर कितीही मोठें बांधलें तरी भरावयाचेंच. दुसरे कोणी म्हणतील, "भाड्याचा सर्व्हर घ्यावा, तेथें एका बटणानें जागा वाढते." पण बटणानें पुष्कळदां डिस्क तेवढी वाढते. आंतील दोन आवरणें कोठें आपोआप वाढतात, कोठें स्वतः वाढवावीं लागतात. आणि ॲमेझॉनच्या भाड्याच्या डिस्कांचेंच पाहा: त्या वाढवितां येतात, पण घटवितां येत नाहींत. एकदां घाईनें वाढविलेल्या जागेचें भाडें महिन्यामागून महिना भरीत राहावें लागतें.

सीमा आंखतांना घट्टपणा केला, तर त्याचें ओझें कोणावर पडतें, याचें एक जाहीर उदाहरण आहे. जानेवारी २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० व विंडोज सर्व्हर २०२२ यांसाठीं सुरक्षिततेची एक दुरुस्ती धाडली. यंत्र बिघडल्यास तें सावरण्यासाठीं जें छोटें राखीव पार्टिशन असतें, त्यांत ती बसावयाची होती. अनेक यंत्रांवर त्या पार्टिशनांत पुरेशी मोकळी जागाच नव्हती, म्हणून दुरुस्ती बसेना. तेव्हां सिस्टिमचें पार्टिशन २५० मेगाबाइटांनीं आखडून ती जागा राखीव तुकड्यास द्यावी, अशी कृति कंपनीनें लोकांस लिहून दिली. ज्यांनीं पार्टिशन हा शब्दही कधीं ऐकला नव्हता, त्यांच्यावर आपल्या डिस्कचे बांध सरकविण्याची वेळ आली. प्रारंभीं चार बोटें जागा सैल सोडली असती, तर एवढा खटाटोप पडता ना.

आमच्या मतें या कामाचे तीन धर्म आहेत, आणि त्यांचा क्रम मोडतां कामा नये. पहिला, तपासणी, दुसरा, प्रत, तिसरा, बदल. यांत प्रतीचा धर्म सर्वांत थोर. प्रत निराळ्या डिस्कवर असावी. त्याच डिस्कवरची प्रत म्हणजे किल्ली पेटींत ठेवून पेटी बंद करणें होय. आणि ती प्रत एकदां तरी उघडून, तींतील फायली परत आणून पाहिलेली असावी. ज्याच्यापाशीं अशी तपासलेली प्रत नाहीं, त्यास दुसऱ्याच्या दप्तराचे बांध हलविण्याचा अधिकार नाहीं, असें आम्ही स्पष्टपणें म्हणतों. काम बहुधा निर्विघ्न पार पडतें, हें खरें. पण मध्येंच वीज गेली, तर 'बहुधा' या शब्दाचा आधार कोणास मिळत नाहीं. हरवलेले गुण आणि हरवलेलीं छायाचित्रें वाढलेल्या जागेनें भरून येत नसतात.

विद्यार्थिमित्रांनो, यावरून हें काम भिऊन टाकून द्यावें, असा अर्थ मात्र काढूं नका. तें अवश्य शिका. पण आपल्या पाटीवर शिका. संगणकांत एखादें आभासी यंत्र उभारावें, त्यास लहानशी डिस्क द्यावी, ती मुद्दाम भरावी, मग वाढवावी, मोडावी आणि प्रतीवरून पुन्हां उभी करावी. २०१२ सालीं इंग्लंडांत निघालेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही यास योग्य आहे. त्याची कार्यप्रणाली पहिल्यांदा सुरू होतांना आपलें पार्टिशन कार्डाच्या टोकापर्यंत स्वतःच पसरविते. सुरू करण्यापूर्वींचा व नंतरचा नकाशा ताडून पाहिला, तर निम्मा धडा तेथेंच मिळतो.

पालकवर्गासही एक विनंति आहे. मुलगा अथवा मुलगी घरच्या संगणकाचें पार्टिशन वाढवावयास निघाली, तर रागावूं नये आणि मुकाट्यानें संमतिही देऊं नये. फक्त एक प्रश्न विचारावा: "बाळ, प्रत कोठें आहे?" उत्तर देतांना मूल अडखळलें, तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावें. त्यानें प्रत हातीं आणून दाखविली, तर मात्र खुशाल बांध सरकवूं द्यावा. इत्यलम्.