इंग्रजी ग्रामबाल्याच्या आठवणी : स्मृतिरंजन की साक्ष?

इंग्लंडमधील खेड्यात गेलेल्या बालपणाच्या आठवणी हा विसाव्या शतकातील इंग्रजी गद्याचा एक लोकप्रिय प्रवाह होय. ॲलिसन अटली यांचे ‘द कंट्री चाइल्ड’ (१९३१), फ्लोरा टॉम्प्सन यांचे ‘लार्क राइज’ (१९३९) आणि लॉरी ली यांचे ‘सायडर विथ रोझी’ (१९५९) ही त्यातील ठळक नावे. कुरणे, ओढे, सुगीचे दिवस आणि चुलीभोवतीच्या गोष्टी यांमुळे या लेखनाची गणना स्मृतिरंजनपर वाङ्मयात करण्याची प्रथा रूढ झाली आहे. ही प्रथा निराधार नाही. पण अपुरी निश्चित आहे. तिच्यामुळे या ग्रंथांतील सर्वांत मोलाचा भाग दृष्टीआड राहतो. मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आणि प्रौढ लेखणीने हिशेबात धरलेल्या दारिद्र्याचा तो भाग आहे.

फ्लोरा टॉम्प्सन यांचा जन्म १८७६ साली ऑक्सफर्डशायरमधील जुनिपर हिल या वाडीत, एका पाथरवटाच्या घरी झाला. ‘लार्क राइज’ हे त्या वाडीचेच कल्पित नाव. १८८० च्या दशकातील या वाडीचे चित्रण करताना त्या शेतमजुराची मजुरी आठवड्याला दहा शिलिंग होती हे प्रथम सांगतात आणि बाकीचे सारे जीवन त्या आकड्याभोवती उभे करतात. प्रत्येक घरामागे पोसलेले डुक्कर, कापणीनंतर बायकामुलांनी शेतात वेचलेला सरवा, त्या सरव्याचे दळून आणलेले पीठ, दुकानदाराची उधारी हे तपशील सजावटीसाठी आलेले नाहीत. दहा शिलिंगांत संसार कसा भागत असे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की परगावी मोलकरीण म्हणून जात. त्यामागे कमाईची निकड होती, तशीच दोन खोल्यांच्या घरात धाकट्या भावंडांना निजण्यापुरती जागा करून देण्याचीही होती.

या लेखनाची एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ती माणसे दरिद्री असूनही थोडक्यात सुख मानण्याची कला जाणत होती, असे टॉम्प्सन स्वतःच सुचवितात. स्मृतिरंजनाचा पक्ष घेणाऱ्यांना हा भक्कम आधार वाटतो. परंतु त्याच लेखिकेने वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा प्रसंगही लिहिला आहे. १९०८ च्या कायद्यानुसार १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या निर्धनांना आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. तेव्हा म्हातारी माणसे डोळ्यांत पाणी आणून टपालकचेरीत येत आणि पैसे मोजून देणाऱ्या मुलीला कृतज्ञतेपोटी फुले व सफरचंदे देत. पाच शिलिंगांनी ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांच्या पूर्वायुष्यातील समाधानाला भीतीची किती मोठी किनार असली पाहिजे, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. समाधान आणि भय ही दोन्ही विधाने एकत्र वाचल्याशिवाय टॉम्प्सन यांचे आकलन पूर्ण होत नाही.

या संदर्भात निवेदनाची निवड महत्त्वाची ठरते. टॉम्प्सन ‘मी’ म्हणत नाहीत. ‘लॉरा’ नावाच्या मुलीची कथा त्या तृतीयपुरुषी सांगतात. त्यामुळे लॉराला जे दिसते ते आणि लेखिकेला साठीत जे कळले ते, यांत एक अंतर राहते. मूल आपल्या जगाचा न्याय करीत नाही. ते जग त्याला ऊनपावसासारखे स्वाभाविक वाटते. न्यायाची जबाबदारी प्रौढ निवेदकावर येते. ‘लार्क राइज’चा शेवट तिचे उत्तम उदाहरण होय. महायुद्धातून न परतलेल्यांची नावे कोरलेल्या पट्टिकेवर लॉराच्या भावाचे नाव येते, आणि आधीची सारी सुगी त्या एका नावाच्या प्रकाशात पुन्हा वाचावी लागते.

लॉरी ली यांचा मार्ग निराळा. ग्लॉस्टरशायरमधील स्लॅड खोऱ्यातील त्यांचे बालपण प्रथमपुरुषी, काव्यात्म आणि इंद्रियसंवेदनांनी ओथंबलेल्या गद्यात अवतरते. तरीही हा लेखक केवळ गोडवा गातो, हे मत त्याच्या ग्रंथाला न्याय देत नाही. परदेशातून पैसा कमावून आलेल्या बढाईखोर माणसाची हत्या होते आणि सारे गाव त्याबाबत मौन पाळते. आयुष्यभर एकत्र राहिलेल्या वृद्ध जोडप्याला ‘वर्कहाउस’मध्ये, म्हणजे निर्धनांना ठेवण्याच्या संस्थेत, नेऊन वेगवेगळ्या विभागांत ठेवले जाते आणि आठवड्याच्या आत दोघेही मरण पावतात. हे प्रसंग ज्या पुस्तकात आहेत ते नंदनवनाचे चित्र ठरत नाही. मात्र ली यांची शैली इतकी मोहक आहे की या घटनाही लोककथेसारख्या वाटू लागतात. इथे टॉम्प्सन यांचे रूक्ष वाटणारे गद्य अधिक टिकाऊ ठरते, असे म्हणावे लागेल.

या दोहोंच्या पुढचे पाऊल रोनाल्ड ब्लाइथ यांच्या ‘एकेनफील्ड’ने (१९६९) टाकले. सफोकमधील ग्रामस्थांच्या मुलाखतींवर उभारलेल्या या ग्रंथात एक वृद्ध शेतमजूर सांगतो की, १९१४ साली सैन्यात गेल्यावर त्याचे वजन वाढले. त्याचे कारण अन्न नव्हते, आयुष्यात प्रथमच कष्टातून सुटका झाली हे होते. ज्याला छावणी विश्रांतीची जागा वाटली, त्याच्या खेड्यातील बालपणाविषयी याहून नेमके विधान संभवत नाही. प्रत्येक पिढी आपले सुवर्णयुग नुकत्याच सरलेल्या काळात शोधते आणि तो काळ गाठावा तर त्याची पिढीही आणखी मागे बोट दाखवते, हे रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’मध्ये (१९७३) दाखविले. या साखळीला छेद देण्याचे सामर्थ्य अशा साक्षींत आहे.

तरीही स्मृतिरंजनाची बाजारपेठ बलवान असते. २००८ ते २०११ या काळात दाखविल्या गेलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने टॉम्प्सन यांची वाडी घराघरांत पोहोचविली. पण त्या प्रवासात मजुरीचा आकडा मागे पडला आणि पोशाख व प्रणयकथा पुढे आल्या.

मराठीच्या अध्यापकांना या चर्चेचे महत्त्व अपरिचित वाटू नये. ‘बलुतं’ (१९७८) किंवा ‘झोंबी’ (१९८७) शिकविताना बालपण रम्यच असते हा समज वर्गात पहिल्याच दिवशी ढासळतो. तौलनिक अभ्यासात इंग्रजी ग्रामबाल्य ‘रम्य’ आणि मराठी ग्रामबाल्य ‘दाहक’ अशी सोपी विभागणी मात्र होत राहते. जातीने लादलेले जीवन आणि मजुरीने जखडलेले जीवन एक नव्हे, आणि त्यांतील भेद पुसणे हाही अन्यायच ठरेल. परंतु भूक, लवकर सुटलेली शाळा आणि घराबाहेर पडलेली कोवळी मुले इंग्रजी ग्रंथांतही आहेत. ती वगळून केलेली तुलना एकांगी ठरते.

म्हणून या ग्रंथांचे अध्यापन निसर्गवर्णनाच्या उताऱ्यांपुरते मर्यादित राहू नये. कोणाच्या श्रमावर ही सुगी उभी होती, लेखक किती वर्षांच्या अंतरावरून बोलत आहे आणि कोण गप्प राहिले आहे, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले तर या आठवणींचे सौंदर्य कमी होणार नाही. सरवा वेचणाऱ्या मुलीला सकाळचे ऊनही दिसत होते आणि संध्याकाळी तिची पाठही दुखत होती. लेखिकेने दोन्ही नोंदविले आहे. त्यांतील एकच वाचण्याचा अधिकार समीक्षकाला नाही.