कोणाच्या सांगण्यावरून?

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की बोईसरच्या रस्त्यांवरील चहाच्या टपऱ्या भरून जातात. साताऱ्याहून आलेला फिटर, गोरखपूरचा यंत्रचालक, डहाणू तालुक्यातील वारली तरुण आणि अणुवीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेला एखादा अभियंता, अशी एरवी कधी एकत्र न येणारी माणसे तेथे एकमेकांचे मित्र होतात. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, परिसरात कापड, रसायने, औषधे आणि पोलाद यांचे कारखाने वाढले, आणि भारताच्या बहुतेक प्रांतांतील माणूस येथे येऊन स्थिरावला. या मंडळींच्या गप्पांत पगार असतो, राजकारण असते; पण सर्वांत अधिक असते ते 'हे पाहिलेस का', 'हे ऐकून बघ', 'हाच मोबाइल घे, माझ्याकडे तोच आहे'. परिसंवादातील दहा भाषणांपेक्षा या तीन वाक्यांचा समाजमनावर होणारा परिणाम मोठा असतो. त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

माणूस काय वाचतो, हे बहुधा त्याचा मित्र ठरवितो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'च्या १९०९ सालच्या अंकापासून मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा सांगितली जाते. शंभराहून अधिक वर्षे ती टिकली याचे श्रेय संपादकांना आहेच, पण त्याहून अधिक ते अंक उसने नेणाऱ्यांना आहे. एकाने विकत घेतलेला अंक पाच घरांत फिरून मूळ मालकाकडे परत येत असे. मुखपृष्ठासह येई असे नाही. रेल्वेच्या डब्यातही हाच व्यवहार चाले. एकाच वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन चौघांच्या हाती जात, एका कोपऱ्यात भजन रंगे, दुसऱ्यात पत्त्यांचा डाव. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत पोहोचली. २०१६ नंतर स्वस्त डेटाही पोहोचला. आज त्याच डब्यात शेजारी बसलेल्या चौघांच्या कानांत चार वेगळी गाणी असतात आणि ती कोणी सुचविली, असे विचारले तर चौघांचेही उत्तर एकच येते: 'फोनवर आपोआप आले.'

या 'आपोआप'मध्ये एक बारीक फसवणूक आहे. यंत्राने पुढे केलेली चित्रफीत एक मित्र दुसऱ्याला पाठवितो आणि दुसरा ती मित्राच्या भरवशावर खरी मानतो. मूळ सांगणारा कोण, त्याचा हेतू काय, हे प्रश्नच उरत नाहीत. पूर्वीच्या सांगीवांगीला निदान एक तोंड असे आणि ते तोंड धरता येई.

याची किंमत पालघर जिल्ह्याने मोजली आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जुना आखाड्याचे महंत कल्पवृक्षगिरी, सुशीलगिरी महाराज आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांना जमावाने पोलिसांच्या देखत ठार मारले. एका अंत्यविधीसाठी ते सुरतेकडे निघाले होते आणि टाळेबंदीमुळे त्यांची गाडी आडमार्गाने चालली होती. त्याआधी कित्येक दिवस मुले पळविणारी, अवयव काढून नेणारी टोळी परिसरात फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून आणि तोंडातोंडी पसरत होत्या. गावोगावी रात्रीचे पहारे बसले होते. सत्तरीच्या वृद्ध संन्याशाची भगवी वस्त्रेही त्या रात्री कोणाचा हात थांबवू शकली नाहीत.

त्याच काळात, २८ मार्चपासून, दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेचे पुनःप्रक्षेपण सुरू होते. १६ एप्रिल या एका दिवशी ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी ती पाहिली, असे दूरदर्शनने पुढे जाहीर केले. एकाच तारखेच्या या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. ज्या दिवशी देशातील कोट्यवधी कुटुंबे ऋषिमुनींच्या आणि वनवासी रामाच्या कथेत रमली होती, त्याच दिवशी सह्याद्रीच्या पायथ्याशी दोन संन्यासी मुलेचोर ठरले. दूरदर्शनचे रामायण सर्वांसाठी खुले होते. मित्राकडून आलेला निरोप मात्र त्या पाड्यांवर आधी पोहोचला होता.

त्यामागे कारस्थान होते काय, हा प्रश्न तपासयंत्रणांचा आणि न्यायालयाचा आहे. समाजापुढील प्रश्न वेगळा आहे. 'हे खोटे आहे रे, पुढे पाठवू नकोस' असे सांगणारा मित्र त्या पाड्यांवरील किती तरुणांना होता? या जिल्ह्याच्या वनवासी भागात सेवाकार्याची मोठी परंपरा आहे. तलासरीला माधवराव काणे यांनी आयुष्य वेचले. तेथील वसतिगृहात शिकलेले चिंतामण वनगा पुढे लोकसभेत गेले. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, हा त्यांचा विचार होता. आज मुले कुरणापेक्षा पडद्यावर अधिक असतात. तेथे त्यांच्यामागे जाणारी कुरणशाळा अद्याप उभी राहायची आहे.

गडचिंचले गाव दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत आहे. सीमेपलीकडचा हा प्रदेश १९५४ सालापर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात उतरलेल्या तरुणांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पुण्याहून निघालेली ही मंडळी एकमेकांच्या ओळखीपाळखीची होती. एकाच्या शब्दावर दुसरा निघाला होता. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. वर्षभर चाललेली ती ५६ गीते महाराष्ट्राने एकत्र बसून ऐकली, कारण रेडिओ घरोघरी नव्हता. ज्याच्या घरी असेल त्याच्या ओटीवर शेजारपाजार जमे. आज 'गीतरामायण' कोणत्याही क्षणी फोनवर ऐकता येते, आणि बहुधा म्हणूनच ते ऐकण्याची वेळ कधी येत नाही. याच बाबूजींनी स्वातंत्र्यवीर सावरकरांवरील चित्रपट लोकवर्गणीतून उभा केला आणि तो २००१ साली पडद्यावर आला. त्या चित्रपटाला वर्गणी देणारा माणूस केवळ प्रेक्षक राहिला नव्हता. चार स्नेह्यांना घेऊन तो पाहायला जाणे हे त्याने स्वतःचेच काम मानले.

अलीकडच्या काळात असे भाग्य लाभलेला चित्रपट म्हणजे १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेला 'छावा'. अनेक तरुण तो पाहून डोळे पुसत बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन पुन्हा गेले. ही भावना अस्सल आहे. तिची टिंगल करणाऱ्यांनी आपली संवेदना तपासून घ्यावी. पण भावना उसळली की तिला खाद्य लागते. शिवाजी सावंत यांची मूळ कादंबरी १९७९ सालची. तिच्याही आधी, १९६० साली, वा. सी. बेंद्रे यांनी मोठ्या परिश्रमाने कागदपत्रे धुंडाळून संभाजी महाराजांचे चरित्र लिहिले आणि नाटक-कादंबऱ्यांनी उभी केलेली महाराजांची विपरीत प्रतिमा पुराव्यानिशी पुसली. १९७१ साली कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले. चित्रपट पाहून भारावलेल्या मित्राच्या हाती यांपैकी एखादे पुस्तक ठेवणे, एवढे काम कोणीही करू शकतो. तो वाचणार नाही असे गृहीत धरण्याची घाई मात्र आपल्याकडे फार असते.

आणि बोईसरच्या माणसाला तर फार लांब जायलाही नको. काही किलोमीटरवर तारापूरचा किल्ला आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत, या किल्ल्यावरील हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. पेशवे बंधूंचा हा जिवलग. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज अंमल संपला. कारखान्यात जाताना तारापूरचे नाव रोज घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? पालघरजवळच्या केळवे-माहीमचा संबंध 'महिकावतीच्या बखरी'शी आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती १९२४ साली छापली, आणि तिच्या पंधराव्या शतकातील भागात 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द आहे. म्हणजे समर्थांच्याही आधी! वारकरी संप्रदायात ज्यांच्या सार्थ ज्ञानेश्वरीची पारायणे होतात, ते सोनोपंत दांडेकरही याच माहीमचे. पालघरच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्या महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर रोज गप्पा मारणाऱ्या विद्यार्थ्यांत ते नाव ज्याचे आहे त्याच्या ग्रंथाची शिफारस कोणी कोणाला केली असेल, तर तो विद्यार्थी अभिनंदनास पात्र आहे.

खरेदीचेही असेच आहे. स्वदेशीचा आग्रह व्यासपीठावरून धरणे सोपे. दुकानात उभे असताना कानाशी शब्द असतो तो मित्राचा. २९ जून २०२० रोजी गलवानच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता. परंतु दोन आठवड्यांच्या आत अमेरिकी कंपनीचे रील्स भारतात सुरू झाले आणि तोच तरुण तोच वेळ तेथे घालवू लागला. २०२५ च्या सप्टेंबरात 'अरट्टाई' या भारतीय संदेशसेवेकडे लोकांचा ओघ एकाएकी वाढला, तेव्हा दुसरी अडचण कळली. संदेशसेवा कितीही चांगली असली तरी आपले मित्र तेथे नसतील तर ती रिकामे घर ठरते. येथे एकट्याच्या निश्चयाने भागत नाही, दहा जणांनी एकदम उठावे लागते.

स्वदेशी म्हणजे नेमके काय, हाही विचार तारापूरमध्ये करावा लागतो. १९३१ साली दांडेकर कुटुंबाने गिरगावात शाई तयार करून ज्या 'कॅमलिन'चा पाया घातला, तिचा कारखाना तारापूरला आहे. २०११ साली कंपनीची बहुसंख्य मालकी जपानी उद्योगसमूहाकडे गेली. मग बोईसरच्या कामगाराच्या हातून तयार होणारी ही वस्तू स्वदेशी की विदेशी? घाम येथला, नफ्याचा मोठा वाटा परदेशी. असा प्रश्न मुलाच्या दप्तराची खरेदी करताना दोन मित्रांनी एकमेकांना विचारला, तरी स्वदेशीची समज एका भाषणापेक्षा पुढे जाईल. दुसरीकडे, जेथे मुळीच शंका नाही तेथेही हात आखडतो. 'वाडा कोलम'च्या नावाखाली भलताच तांदूळ विकला जातो आणि घेणारा पिशवीवरील अक्षरांवर विश्वास ठेवतो. वाड्याचा शेतकरी मित्र असेल तर फसण्याचे कारण नाही. वारली चित्रे छापलेले कप आणि कापड यंत्रावर तयार होऊन कोठूनही येते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जी कला जगापुढे नेली आणि जिच्यासाठी २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती हाताने काढणारे कलावंत मात्र गिऱ्हाइकाची वाट पाहतात. बहाडोलीचे जांभूळ, डहाणू-घोलवडचा चिकू यांना भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचा कागद बाजारात बोलत नाही. तारापूरच्या कारखान्यातील डहाणूच्या तरुणाने आपल्या गोरखपूरच्या सहकाऱ्याला गावाकडे जाताना चिकूची पेटी बांधून दिली, तर ती पूर्वांचलात त्या फळाची पहिली ओळख ठरेल.

बातमी आणि निष्ठा मित्रामित्रांत कशी पसरते, याचा दाखला पालघरच्या भररस्त्यात हुतात्मा स्तंभाच्या रूपाने उभा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांवर बंधने होती. तरीही किनाऱ्यावरील आणि आतील गावांमधून माणसे एकमेकांना सांगत निघाली आणि १४ ऑगस्टला पालघरच्या कचेरीवर मोर्चा आला. गोळीबारात पाच जण पडले: सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तेवारी.